फुकट परवडतं, स्वस्त परवडत नाही : एका औषध कंपनीचं वाचन

(नागपुरात नंदनवन भागात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

वेळेवर सुरू करतो, म्हणजे प्रश्नांना वेळ मिळेल. मागच्या वेळी मी बोलतच राहिलो आणि प्रश्न विचारणाऱ्यांची शेवटची बस गेली, अशी तक्रार माझ्यापर्यंत आली आहे. (हशा)

आजचा विषय औषध कंपन्या. पण सगळ्या कंपन्यांवर सरसकट बोललं की ते भाषण कुठेच पोचत नाही. ‘कंपन्या लुटतात’ असं मी म्हणायचं, तुम्ही माना डोलवायच्या आणि आपण घरी जायचं. त्यातून काही कळत नाही. त्यामुळे मी एकच कंपनी घेतली आहे, नॉव्हार्टिस. एखादं पुस्तक समीक्षेला घेतो तशी ही कंपनी घ्यायची. तिनं काय केलं, काय टाकून दिलं, कुठे ती खरोखर मोठी ठरली आणि कुठे तिचा हिशेब आपल्याला मान्य होत नाही, हे पाहायचं. त्यासाठी तिची दोन औषधं निवडली आहेत, एक रक्ताच्या कॅन्सरचं आणि एक सिकलसेलचं. सिकलसेल का, हे नागपुरात सांगायची गरज नाही.

ओळखीची कंपनी

नॉव्हार्टिस हे नाव परकं वाटतं, पण ती आपल्या घरात केव्हाच येऊन गेलेली आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांची कंबर दुखते त्यांनी ‘वोव्हेरान’ घेतलेली असणार. ज्यांची मुलं आता चाळिशीची आहेत त्यांनी ‘कॅल्शियम सॅण्डोज’ची बाटली पाहिलेली असणार. स्वित्झर्लंडमधल्या बाझल या एकाच शहरातल्या दोन जुन्या कंपन्या, सिबा-गायगी आणि सॅण्डोज, १९९६ साली एकत्र आल्या आणि नॉव्हार्टिस झाली. सिबाचं तर मुंबईत गोरेगावला संशोधन केंद्र होतं, १९६३ सालचं. भारतीय रसायनशास्त्रज्ञ तिथे नवे रेणू शोधत होते. म्हणजे ही कंपनी इथे नुसत्या गोळ्या विकायला आलेली नव्हती.

पुढे काय झालं ते बघा. २०१५ साली कंपनीनं लसींचा व्यवसाय ग्लॅक्सोला दिला आणि जनावरांच्या औषधांचा एलाय लिलीला. चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं आधी ग्लॅक्सोबरोबरच्या भागीदारीत घातली आणि २०१८ला त्यातूनही अंग काढून घेतलं. २०१९ला डोळ्यांचा व्यवसाय वेगळा केला. फेब्रुवारी २०२२मध्ये भारतातल्या वोव्हेरान, कॅल्शियम वगैरे जुन्या ब्रँडची विक्री आणि वितरण डॉ. रेड्डीजकडे सोपवलं. ऑक्टोबर २०२३मध्ये सॅण्डोज, म्हणजे पेटंट संपलेल्या स्वस्त औषधांचा अख्खा विभाग, स्वतंत्र कंपनी करून बाजूला काढला.

हे सगळे निर्णय वेगवेगळ्या वर्षांतले आणि वेगवेगळ्या कारणांनी घेतलेले आहेत. पण ओळीनं वाचले की दिशा एकच दिसते. आपल्या गल्लीतल्या मेडिकल दुकानदारानं खालच्या फळ्यांवरची पाच-दहा रुपयांची औषधं काढून टाकली आणि फक्त वरच्या फळीवरचं, काचेआडचं सामान ठेवलं, तर त्याचं दुकान काय होईल? नफा कदाचित वाढेल. पण रात्री अकराला पोराला ताप आला तर तुम्ही त्याच्याकडे जाणार नाही. कंपनीच्या भाषेत याला ‘केवळ नावीन्यपूर्ण औषधांची कंपनी’ म्हणतात. शेअर बाजाराला हे आवडतं. माझा प्रश्न एवढाच आहे की या वरच्या फळीवर काय ठेवायचं, हे कोणाकडे बघून ठरतं?

पहिलं औषध : ग्लिव्हेक

आधी कंपनीचं श्रेय देऊ, आणि मनापासून देऊ. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा एक कॅन्सर. पूर्वी याच्यावर काय होतं? हायड्रॉक्सीयुरिया नावाची एक जुनी कॅप्सूल होती. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. तिनं पांढऱ्या पेशी आटोक्यात यायच्या, पण रोग थांबायचा नाही. दुसरं इंटरफेरॉन. त्याच्या त्रासानं माणूस बेजार व्हायचा. आणि तिसरं बोन मॅरो बदलणं, ते किती जणांच्या आवाक्यात होतं हे तुम्हीच बघा.

या रोगाचं मूळ सापडायला चाळीस वर्षं लागली. १९६०मध्ये फिलाडेल्फियात रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३मध्ये जॅनेट रौली या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की ९ आणि २२ या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले आहेत. त्या चुकीच्या जोडणीतून एक प्रथिन तयार होतं आणि ते पेशीला ‘वाढत राहा’ असा हुकूम देत राहतं. ते प्रथिन बंद पाडणारा रेणू सिबा-गायगीच्या प्रयोगशाळेत तयार झाला, त्याचं नाव इमॅटिनिब. त्याची रुग्णांवर चाचणी व्हावी म्हणून अमेरिकेतले डॉक्टर ब्रायन ड्रुकर कंपनीच्या मागे लागले. रोग दुर्मीळ, गिऱ्हाईक थोडं, त्यामुळे कंपनीत उत्साह बेताचाच होता. १९९९मध्ये तर तीन हजारांहून जास्त लोकांनी सह्यांचं निवेदन दिलं की चाचणीसाठी औषध जास्त बनवा. कंपनीनं मग वेग घेतला. मे २००१मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. मरणाची तारीख मिळालेली माणसं रोज गोळी घेऊन कामावर जायला लागली. हे खरं यश आहे आणि ते नाकारून टीका करता येत नाही.

आता किंमत. २०१३ साली ‘ब्लड’ या वैद्यकीय नियतकालिकात शंभरहून अधिक तज्ज्ञांनी मिळून एक लेख लिहिला. हे कोणी आंदोलक नव्हते, याच रोगावर उपचार करणारे डॉक्टर होते. त्यांनी मांडलेला हिशेब असा : २००१मध्ये अमेरिकेत या औषधाचा वर्षाचा खर्च सुमारे ३० हजार डॉलर होता. त्या किमतीत विकासाचा खर्च दोन-एक वर्षांत निघेल असा अंदाज होता. २०१२मध्ये किंमत झाली ९२ हजार डॉलर. गोळी तीच, कारखाना तोच, आणि रुग्ण तर वाढलेले, कारण औषधामुळे ते जगत होते. मग किंमत तिप्पट का? त्याच काळात नवी, आणखी महागडी औषधं बाजारात आली आणि त्यांच्या शेजारी ९२ हजार वावगे दिसेनासे झाले. म्हणजे किंमत खर्चावर ठरत नव्हती. समोरचा किती देऊ शकतो, यावर ठरत होती.

भारतात ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च होता सुमारे १ लाख २० हजार रुपये. भारतीय कंपन्यांचं तेच औषध ८ ते १० हजारांत मिळायचं. आणि भांडण लागलं ते इथेच.

चेन्नई, मुंबई, दिल्ली

खटल्याची गोष्ट लांब आहे, मी सांगाडा सांगतो. आपल्याकडे १९७०च्या पेटंट कायद्यानुसार औषधावर पेटंट मिळत नसे, ते बनवायच्या पद्धतीवर मिळे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५पासून औषधावरही पेटंट द्यावं लागलं. मूळ इमॅटिनिबचं पेटंट त्याआधीचं असल्यामुळे त्याला इथे जागा नव्हती. म्हणून कंपनीनं १९९८मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला तो इमॅटिनिब मेसिलेट या क्षाराच्या ‘बीटा’ स्फटिकरूपासाठी. म्हणजे रेणू जुना, पण त्याचे कण ज्या रचनेत बसतात ती रचना नवी, असा दावा.

२००५ साली कायदा बदलताना संसदेनं त्यात कलम ३(ड) घातलं. त्याचा अर्थ साध्या भाषेत असा : माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप आणलं तर पेटंट नाही, त्या रूपामुळे गुण वाढला असेल तरच पेटंट. त्याच कणकेची घडीची पोळी केली म्हणून गहू नवा होत नाही, एवढंच ते कलम म्हणतं.

या अर्जाला विरोध करणाऱ्यांत भारतीय कंपन्या होत्या, तशी मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्थाही होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पेटंट ही दोन कंपन्यांमधली बाब आहे असं आपण समजतो. या संस्थेनं सांगितलं की रुग्णही यात पक्षकार आहे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत कंपनीला भारतात विक्रीचा एकाधिकार मिळालेला होता. त्याच्या जोरावर मद्रास उच्च न्यायालयानं काही भारतीय कंपन्यांना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयानं तशी मनाई करायला नकार दिला. देश तोच, कायदा तोच, उत्तरं दोन. मधल्या काळात ज्याचं औषध बंद झालं, त्याला मुंबईचा निकाल चांगला होता हे ऐकून काय फायदा?

जानेवारी २००६मध्ये पेटंट कार्यालयानं अर्ज फेटाळला. कंपनीनं कलम ३(ड)लाच घटनाबाह्य ठरवा म्हणून आव्हान दिलं. ऑगस्ट २००७मध्ये तेही फेटाळलं गेलं. २००९मध्ये अपिलात हरली. शेवटी १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला. कंपनीचं म्हणणं होतं की नव्या रूपामुळे औषध शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं. न्यायालय म्हणालं, औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण. जास्त शोषलं गेल्यामुळे रुग्णाला जास्त फायदा झाला, हे दाखवा. ते दाखवलं गेलं नव्हतं.

निकालात एक तपशील आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. २००४मध्ये हैदराबादची नॅटको ही कंपनी तिचं इमॅटिनिब मेसिलेट ब्रिटनमध्ये विकत होती. तेव्हा नॉव्हार्टिसनं तिला नोटीस पाठवली की आमच्या जुन्या, मूळ पेटंटमध्ये हा क्षार येतो, विक्री थांबवा. आणि भारतात म्हणणं काय? तर हा क्षार जुन्या पेटंटमधून कळत नाही, तो नवा शोध आहे. लंडनमध्ये जुना, चेन्नईत नवा. न्यायालयानं हे नेमकं पकडलं. या कंपनीवर टीका करायला मला याहून कडक शब्द शोधायची गरज वाटत नाही. तिचीच दोन कागदपत्रं शेजारी ठेवली की पुरे.

फुकट आणि स्वस्त

कंपनीची बाजू मांडणारे विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवं, की भारतात ग्लिव्हेक घेणाऱ्या सुमारे १६ हजार रुग्णांना, म्हणजे ९५ टक्क्यांना, कंपनी ते फुकट देत होती, त्याचं काय? हा आकडा कंपनीनंच दिलेला आहे आणि ती योजना खरी होती. ज्या घरात ती गोळी आली त्या घरानं कंपनीला दुवाच दिला असणार. त्या दुव्याची मी टिंगल करणार नाही.

पण धंदा म्हणून विचार करा. जी वस्तू तुम्ही ९५ टक्के लोकांना फुकट देऊ शकता ती १० हजारांत का विकू शकत नाही? फुकट देण्यापेक्षा १० हजार मिळणं चांगलंच की! तरी कंपनी स्वस्त देत नाही. कारण फुकटाला किंमतीची चिठ्ठी नसते, स्वस्ताला असते. एकदा भारतात १० हजार अशी चिठ्ठी लागली की दुसऱ्या देशांची सरकारं, विमा कंपन्या ती हातात घेऊन विचारणार, आम्हाला का नाही? अनेक देश औषधांचे दर ठरवताना दुसऱ्या देशांतले दर बघतात. म्हणून फुकट परवडतं, स्वस्त परवडत नाही. दानात माणुसकी नसते असं नाही. पण त्या दानानं चढ्या किमतीचं रक्षणही होत असतं, आणि वार्षिक अहवालात मात्र त्यातली माणुसकी तेवढी छापून येते.

दुसरी गोष्ट. दान देणारा उद्या थांबवू शकतो, कोणाला द्यायचं ते ठरवू शकतो, कागदपत्रं मागू शकतो. १० हजारांची, पुढे स्पर्धेनं आणखी उतरलेली गोळी दुकानात मिळते. ती सरकारी योजनेत खरेदी करता येते, आणि तिच्यासाठी कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. आज तुकडोजी पुतळ्याजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये किंवा मेडिकलमध्ये या रोगाचा रुग्ण आला तर डॉक्टर त्याला इमॅटिनिब लिहून देऊ शकतात, ते याच्या जोरावर.

दुसरं औषध : सिकलसेलचं

आता आपल्या अंगणात येऊ. सिकलसेलची नागपुरातून पहिली शास्त्रीय नोंद झाली ती १९५८मध्ये, शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये छापलेली. म्हणजे पासष्टहून जास्त वर्षं आपल्याला हे माहीत आहे. पूर्व विदर्भातल्या अनुसूचित जाती, आदिवासी आणि इतर मागास समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनेचा झटका येतो. हाडं दुखतात, पोर रात्रभर ओरडतं. शाळेत शिक्षकांना वाटतं, नाटक करतंय. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांना संघटित करण्याचं काम कित्येक वर्षं केलं, २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ला केंद्र सरकारनं राष्ट्रीय मोहीम सुरू केली, ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत उच्चाटन हे तिचं उद्दिष्ट.

या आजारावर जगात काय औषध आहे? परत तीच जुनी कॅप्सूल, हायड्रॉक्सीयुरिया. हा पदार्थ १८६९ साली जर्मनीत पहिल्यांदा तयार झाला. अमेरिकेत सरकारी पैशानं २९९ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली आणि १९९५मध्ये ती मुदतीआधी थांबवली, कारण फायदा स्पष्ट दिसला होता. वेदनेचे झटके वर्षाला ४.५ वरून २.५ वर आले, म्हणजे ४४ टक्के कमी. १९९८ला तिथे मंजुरी मिळाली.

आणि नागपूरचं योगदान सांगायलाच हवं. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं पुस्तकात लिहिलेलं असायचं. आपल्या मेडिकलच्या बालरोग विभागात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी गंभीर आजार असलेल्या मुलांना वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम असा कमी, ठरावीक डोस देऊन अभ्यास केले आणि त्यानंही झटके लक्षणीय कमी होतात हे छापून दाखवलं. कमी डोस म्हणजे कमी खर्च, रक्त तपासण्यांचा कमी बोजा. जिथे तपासणीसाठी चाळीस किलोमीटर यावं लागतं तिथे हे संशोधन सोन्यासारखं आहे.

आता वरच्या फळीवर बघा. २०१६मध्ये नॉव्हार्टिसनं अमेरिकेतल्या ओक्लाहोमाची सेलेक्सिस ही छोटी कंपनी घेतली. सौदा ६६ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतचा. तिच्याकडे सिकलसेलचं एक नवं औषध होतं, क्रिझानलिझुमॅब. शिरेतून महिन्याला एकदा द्यायचं. १९८ रुग्णांच्या चाचणीत झटके २.९८ वरून १.६३ वर आले, म्हणजे ४५ टक्के कमी. नोव्हेंबर २०१९ला अमेरिकेत मंजुरी, पुढच्या वर्षी युरोपात सशर्त मंजुरी. अमेरिकेत खर्च महिन्याला हजारो डॉलर.

तिकडे ४४, इकडे ४५. लगेच ‘बघा, सारखंच’ असं म्हणू नका. दोन चाचण्या वेगळ्या होत्या, नव्या चाचणीतले बरेचसे रुग्ण आधीच हायड्रॉक्सीयुरिया घेत होते, त्यामुळे नव्या औषधाचा फायदा त्याच्यावरचा होता. टीका करताना हिशेब आपल्या बाजूनं वाकवायचा नसतो. पण पुढे काय झालं? मंजुरीची अट म्हणून मोठी चाचणी झाली. तिच्यात औषध घेणाऱ्यांना वर्षाला सरासरी २.५ झटके आणि नुसतं सलाइन घेणाऱ्यांना २.३. म्हणजे फायदा दिसलाच नाही. २०२३मध्ये युरोपानं मंजुरी काढून घेतली. अमेरिकेत ते बाजारात राहिलं.

एकट्या नॉव्हार्टिसचं असं झालं असंही नाही. फायझरनं २०२२मध्ये सिकलसेलच्या गोळीसाठी, व्हॉक्सेलोटॉरसाठी, ५४० कोटी डॉलर देऊन एक कंपनी घेतली. ही गोळी हिमोग्लोबिन वाढवायची, त्या आधारावर तिला घाईची मंजुरी मिळाली होती. २०२४मध्ये मुलांवरच्या एका चाचणीत, ज्यात आफ्रिकेतले बरेच रुग्ण होते, औषध घेणाऱ्या गटात ८ मृत्यू आणि दुसऱ्या गटात २ असं आढळलं. २५ सप्टेंबर २०२४ला फायझरनं जगभरातून औषध मागे घेतलं. मागे घेतलं ते योग्यच केलं. पण ५४० कोटी डॉलर मोजताना रिपोर्टवरचा आकडा विकत घेतला होता. रुग्ण जगतो की नाही, हे नंतर कळलं.

मधली जागा

आता मुख्य मुद्दा. मी म्हणत नाही की नवी औषधं शोधू नका. शोधायलाच हवीत, आणि शोधात अपयश येणारच. त्या अपयशाबद्दल मी कंपनीला दोष देत नाही. माझी तक्रार मधल्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

एक साधा हिशेब करा. पंधरा किलोचं पोर. किलोला १० म्हणजे १५० मिलिग्रॅम रोज. बाजारात कॅप्सूल सर्रास मिळते ती ५०० मिलिग्रॅमची. आई काय करते? डॉक्टर सांगतील तसं कॅप्सूल फोडून पाण्यात घोळते आणि मोजून पाजते, किंवा दिवसाआड, दोन दिवसांआड कॅप्सूल देते. हे कॅन्सरमध्ये वापरलेलं औषध आहे, त्याची पूड उघड्यावर हाताळायची नसते, गरोदर बाईनं तर मुळीच नाही. आणि घरात औषध कालवणारी बहुधा तीच असते.

मुलांसाठी कमी ताकदीची कॅप्सूल, नेहमीच्या तापमानात टिकणारं पातळ औषध, यासाठी नवा रेणू लागत नाही. नोबेल लागत नाही. ६६ कोटी डॉलर तर नाहीच लागत. तरी ते इतकी वर्षं आपल्याकडे सहज मिळालं नाही. का? कारण पेटंट नाही, म्हणून मोठ्या परदेशी कंपनीला रस नाही. आणि इथे मी आपल्या माणसांनाही सोडणार नाही. ज्या भारतीय कंपन्यांना आपण ग्लिव्हेकच्या खटल्यात टाळ्या वाजवल्या, त्यांनीही अनेक वर्षं हे केलं नाही, कारण गिऱ्हाईक गरीब आणि विखुरलेलं. गेल्या काही वर्षांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं कंपन्यांना पुढे या म्हटलं आणि २०२४मध्ये अकम्स या कंपनीनं असं पातळ औषध स्वस्तात आणल्याचं जाहीर केलं. चांगलं झालं. पण आता ते गडचिरोलीच्या उपकेंद्रावर पोचतं का, हे पाहायचं काम उरलेलं आहेच.

न्याय म्हणून हेही सांगतो : नॉव्हार्टिसनं २०१९मध्ये घानात तिथल्या सरकारबरोबर करार करून रुग्णांपर्यंत हायड्रॉक्सीयुरिया नेण्याचा कार्यक्रम सुरू केला. म्हणजे कंपनीला जुन्या औषधाची किंमत कळत नाही असं नाही. कळतं, पण ते तिच्या हिशेबात सामाजिक जबाबदारीच्या रकान्यात जातं, धंद्याच्या रकान्यात नाही. आणि जबाबदारीचा रकाना धंदा मंदावला की आधी आटतो.

एवढंच बोलून थांबतो. आता प्रश्न.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, पेटंट नाही दिलं तर कंपनी संशोधनावर खर्च का करेल? उद्या नवीन ग्लिव्हेक निघणारच नाही.

उत्तर : प्रश्न रास्त आहे. पण सर्वोच्च न्यायालयानं पेटंट बंद केलं नाही. खऱ्या नव्या रेणूला भारतात आजही वीस वर्षांचं पेटंट मिळतं. जुन्याच्या नव्या रूपाला मिळत नाही. उलट मी म्हणेन, की कंपनीला स्फटिक बदलून आणखी काही वर्षं कमाई होत असेल तर ती कठीण संशोधन कशाला करेल? दुसरं म्हणजे, ग्लिव्हेकच्या मागचं चाळीस वर्षांचं ज्ञान विद्यापीठांचं आणि सरकारी पैशाचं होतं. कंपनीनं शेवटचा, महागडा आणि जोखमीचा टप्पा पार केला. त्याचं मोल द्यावं. पण चाळीस वर्षांचं भाडं एकट्यानं वसूल करू नये.

प्रश्न : स्वस्त म्हणजे हलकं, असं आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं. जेनेरिकवर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर : काका, ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दर्जाचे प्रश्न आपल्याकडे आहेत, आणि त्याला उत्तर आहे औषध निरीक्षक, नमुना तपासणी आणि जाहीर निकाल. महाग ब्रँड घेणं हे त्याचं उत्तर नाही. इमॅटिनिबच्या बाबतीत एक सोय आहे. औषध काम करतंय का हे रक्ताच्या तपासणीत दिसतं. डॉक्टरांना म्हणा, तपासणी वेळेवर करा. विश्वास रिपोर्टवर ठेवा, डब्याच्या चकचकाटावर नको.

प्रश्न : सर, माझा भाचा सिकलसेलचा आहे, अकरा वर्षांचा. पेपरात जीन बदलण्याच्या उपचाराबद्दल वाचलं. आम्ही त्याच्यासाठी थांबायचं का?

उत्तर : ताई, थांबू नका. तो उपचार खरा आहे. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, तिथे किंमत २२ लाख डॉलर. उद्या तो आपल्याकडे स्वस्त होईल, झाला पाहिजे, त्यासाठी भांडूही. पण भाच्याचं आजचं वर्ष परत येणार नाही. त्याला हायड्रॉक्सीयुरिया सुरू आहे का?

(श्रोत्या) : नाही सर. झटका आला की सलाइन लावतात आणि वेदनेचं इंजेक्शन देतात. कॅप्सूलचं कोणी बोललंच नाही.

उत्तर : मग उद्या सकाळी मेडिकलच्या बालरोग ओपीडीत जा, सगळे जुने कागद घेऊन. औषध द्यायचं की नाही आणि किती, ते तिथले डॉक्टर तपासून ठरवतील, मी इथून सांगणार नाही. पण प्रश्न तुम्ही विचारा : याला हायड्रॉक्सीयुरिया का नाही? तुमच्या आरोग्य केंद्रात त्याचा साठा आहे का, हेही लेखी विचारा, आणि जे उत्तर येईल ते जपून ठेवा. पुढच्या महिन्यात मी इथे येणार आहे तेव्हा तो कागद घेऊन या.